नागपुरात मनपाची शाळा पट कमी म्हणून दुसऱ्या शाळेत मर्ज करणार असतील तर पालक काय करू शकतात?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी मनपाच्या मराठी शाळेत तिसरीत आहे, शाळा दुसरीकडे मर्ज करणार अशी चर्चा आहे आणि पालकांच्या हातात काही आहे का. आहे. मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य होतो म्हणून सांगतो, फक्त लोकं ज्या टोकानं सुरुवात करतात ना, मोर्चा, निवेदन, पेपरात फोटो, ते टोक शेवटचं आहे.

पहिले पट बघा. शाळेत किती शिक्षक राहतील हे संचमान्यतेत ठरतं, आणि संचमान्यता ठरते पटावर, वर्षानुवर्षं 30 सप्टेंबरचा पट धरत आलेत. आता यात गंमत अशी की वर्गात बसलेली पोरं मोजत नाहीत, ऑनलाइन ज्यांचं आधार व्हॅलिड झालं तेवढीच मोजतात. मुख्याध्यापकांकडून ती यादी मागून घ्या, बऱ्याच नावांपुढे मिसमॅच दिसेल. कारणं पण कशी, शाळेत वेदांत टीएचनं लिहिला आणि आधारवर नुसत्या टीनं, कोणाची जन्मतारीख वेगळी, कोणाचं आधारच काढलेलं नाही कारण आईबाप बांधकामावर आणि दर पावसाळ्यानंतर जागा बदलते. रोज शाळेत येणारं पोरगं कागदावर नाहीच! आणि मग वरून म्हणायचं पट नाही. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयानं तर निकष अजून कडक केले, सहावी ते आठवीत 20 च्या खाली पोरं गेली की तिथं शिक्षकच मंजूर होणार नाही असं त्यात ठरवलं, त्यावर शिक्षक संघटनांनी राज्यभर बोंब मारली होती. म्हणजे दोनचार पोरांच्या आधारवर अख्खा वर्ग अडकू शकतो. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, उरले तीन महिने, त्यात चार पालकांनी वस्तीत फिरून हे आधारचं काम आणि नवीन नावं दोन्ही करून टाकायचं. मास्तरांवर सोडू नका, ते बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या ड्युटीवर फिरून राहिले असतात. त्या ड्युटीवरून भांडायलाही जाऊ नका, आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये निवडणूक, जनगणना आणि आपत्तीची कामं चालतात असं स्पष्ट लिहिलेलं आहे, भांडायचंच तर त्या दिवशी वर्ग कोण घेणार यावर भांडा.

आता समिती. ज्यांची नावं तिच्यात घातलेली असतात त्या बहुतेक पालकांना माहीतच नसतं की आपण तिचे सदस्य आहोत, खरं सांगतो. कायद्यानं समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या बायका पाहिजेत, अध्यक्ष पालकांमधूनच, मुख्याध्यापक सचिव, आणि मीटिंग दर महिन्याला. प्रत्यक्षात आमच्याकडच्या एका शाळेत काय चालायचं, की पोरांना घ्यायला आलेल्या आयांना गेटवर वही पुढे करायची, ताई इथं सही करा, वर पान कोरं. इतिवृत्त नंतर लिहायचे. तुम्ही हे थांबवा, मजकूर लिहिल्याशिवाय कोणी सही करायची नाही, एवढ्या एका गोष्टीनं शाळेचा सूर बदलतो. मग पुढच्या मीटिंगमध्ये ठराव घ्या की या शाळेच्या समायोजनाला, म्हणजे मर्ज करायला, समितीचा विरोध आहे, खाली कारणं, खाली सह्या. त्याच मीटिंगमध्ये शाळा विकास आराखडा मागा. तो समितीनं करायचा असतो आणि अनुदान त्याच्या आधारावर मागायचं असतं, कलम 22. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला मिळणारी रक्कमही पटावरच असते, 31 ते 100 पोरांना वर्षाला 25 हजार, 101 ते 250 ला 50 हजार, ते कशात गेले हे विचारायचा समितीला पूर्ण हक्क आहे. नळाला तोटी नाही आणि हिशोबात रंगरंगोटी, असं निघालं तर तेही वहीत आलं पाहिजे.

ठरावात कारण म्हणून अंतर टाका. राज्याच्या आरटीई नियमांत पाचवीपर्यंत 1 किलोमीटर आणि आठवीपर्यंत 3 किलोमीटरमध्ये शाळा पाहिजे. ऑफिसातले नकाशावर सरळ रेघ मारून म्हणतात आठशे मीटर आहे, पण सहा वर्षाचं पोरगं रेघेवरून चालते का बाप्पा? मध्ये सेंट्रल अव्हेन्यूसारखा रस्ता किंवा रेल्वेचा रूळ असला तर ते लिहा, पोरीच्या पायानं चालून बघा, मोबाईलमध्ये व्हिडिओ करा. माझ्या अनुभवात अधिकारी भावनेला उत्तर देत नाहीत पण व्हिडिओला द्यावं लागते.

ही सगळी कागदं तुमच्या झोन ऑफिसात आणि सिव्हिल लाइन्सला मनपाच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, दोन्हीकडे द्या आणि पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकाशिवाय टेबल सोडू नका. साहेब म्हणतील ठेवून जा, बघतो. नाही ठेवायचं. निवेदन म्हणून नाही तर कलम 32 ची तक्रार म्हणून लिहा, मग त्यांना तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येते. मर्ज करायचा प्रस्ताव, त्यावरचे शेरे, हे सगळं माहिती अधिकारात 10 रुपयांत मागता येते, 30 दिवसांत उत्तर.

नगरसेवकाकडे जरूर जा, पण त्याच्यावर विसंबून राहू नका, मार्च 2022 ला मुदत संपल्यावर बराच काळ मनपात प्रशासकच होता आणि तेव्हा लोकांनी कोणाकडे जायचं हे कोणालाच कळत नव्हतं. आमदार जास्त कामाचा, कारण आपल्याकडे डिसेंबरात अधिवेशन भरते. पण तेव्हा मोर्चा काढायचा विचार असेल तर माझं मत वेगळं आहे, मॉरिस कॉलेज टी पॉइंटपर्यंत जाता, पोलीस अडवतात, बाजूला दहा मोर्चे अजून असतात, एखादा मंत्री येऊन निवेदन घेतो आणि संपलं. त्यापेक्षा आमदाराला ऑक्टोबरातच गाठून तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागते तो, टाकायला लावा, तो खूप आधी द्यावा लागतो. प्रश्न गेला की मंत्रालयातून खाली मनपाला माहिती मागतात, आणि मग जो बाबू तुम्हाला बसायला खुर्ची देत नव्हता तोच फोन करतो.

पट का घसरला हेही लपवू नका. वस्तीतली माणसं पोटाला चिमटा काढून कॉन्व्हेंटात टाकतात, मग ते कॉन्व्हेंट दोन खोल्यांचं का असेना. मनपाला हे कळलेलं आहे, म्हणूनच आकांक्षा फाउंडेशनसोबत इंग्रजी माध्यमाच्या शाळा काढल्या आणि तिथं पालक येतात. तर तुमच्या शाळेत सेमी इंग्रजी सुरू करा अशी मागणी त्याच ठरावात टाका, नुसतं बंद करू नका म्हणण्यापेक्षा त्याला वजन येते. मराठी शाळा वाचवा म्हणणाऱ्या काही लोकांना हे आवडत नाही, पण त्यांची पोरं कुठं शिकून राहिली ते विचारून बघा एकदा.

आणि सगळ्यात तातडीचं, उद्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका की शाळा बंद होणार म्हणून घाबरून कोणी टीसी काढू नका. चर्चा सुरू झाली की पंधरावीस जण दाखले घेऊन जातात, पट अजून पडतो, आणि मग प्रस्ताव करणाऱ्याला काही करावंच लागत नाही. ज्यांनी काढला असेल त्यांच्या घरी जा, 30 सप्टेंबरच्या आत परत नाव घालता येते, आरटीईत वर्षभर प्रवेश नाकारता येत नाही.