किमान रक्कम भरली, तरी व्याज का?

प्रश्न : माझा शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा घरगुती व्यवसाय आहे. गड्ड्याच्या यात्रेसाठी ४ जानेवारीला २४,००० रुपयांचा माल क्रेडिट कार्डावर घेतला. ५ तारखेला बिल आलं, भरायची शेवटची तारीख २५. दरम्यान ८ तारखेला आणखी ९,००० चा माल घेतला. विक्रीचे पैसे महिनाअखेर हाती येणार, म्हणून २५ ला किमान रक्कम १,२०० भरली. तरी फेब्रुवारीच्या बिलात व्याज लागलं. ५० दिवस बिनव्याजी असतात ना?
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, बँकेच्या काउंटरवर माझी ३१ वर्षं गेली. हा प्रश्न घेऊन येणारी माणसं बुडवणारी नसायची, तुमच्यासारखी वेळेत पैसे भरणारीच असायची. म्हणून मला याचं फार वाईट वाटतं.

बिनव्याजी मुदत मिळते ती पूर्ण बिल भरणाऱ्याला. किमान रक्कम भरल्याने उशिराचा दंड तेवढा टळतो. आपल्याकडे सुताच्या व्यापाऱ्याला थोडे पैसे दिले की बाकीचं पुढं ढकलतो, नव्या मालाला नवी मुदत देतो. कार्डाचं तसं नाही. बाकी राहिली की व्याज खरेदीच्या दिवसापासून धरतात, आणि नव्या खरेदीचीही सवलत जाते.

तुमच्या कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ धरू. २४,००० वर ४ ते २५ जानेवारी, २१ दिवसांचे ५८० रुपये. उरलेल्या २२,८०० वर ५ फेब्रुवारीपर्यंत ११ दिवसांचे २८९. आणि ८ तारखेच्या ९,००० वर २८ दिवसांचे २९०. वर १८ टक्के जीएसटी. झाले साधारण १,३६७. तुम्ही भरले १,२००. म्हणजे तुमचं एकूण देणं एक रुपयानंही कमी झालं नाही.

५० दिवसही दर खरेदीला मिळत नाहीत. ६ डिसेंबरला घेतलं असतं तर २५ जानेवारीपर्यंत ५० दिवस झाले असते. तुम्ही बिलाच्या आदल्या दिवशी घेतलंत, म्हणून पूर्ण बिल भरलं असतं तरी २१ दिवसच मिळाले असते.

‘तीन दिवस जास्तीचे असतात’ हेही लोक सांगतील. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार शेवटची तारीख उलटून तीन दिवसांहून जास्त झाल्याशिवाय उशिराचा दंड लावता येत नाही, हे खरं. पण व्याजाला ती सूट नाही.

आता बँकेकडून आजच्या तारखेपर्यंतच्या व्याजासह पूर्ण बाकी विचारा आणि ती फेडा. तोवर त्या कार्डावर शेंगांचं पोतंही घेऊ नका. कार्डानं एटीएममधून रोख तर अजिबात काढू नका, तिथं पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

आणि बिलाची तारीख बदलून मागा. निदान एकदा ती बदलून द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बिल २१ तारखेच्या सुमाराला निघालं, तर ४ जानेवारीच्या मालाचे पैसे १० फेब्रुवारीच्या आसपास द्यावे लागतील. तोवर गड्ड्याची विक्री तुमच्या हातात आलेली असेल.