सपाटीवर १०० किमी सहज होतात, मग चढउतारांच्या ८० किमीत अख्खा दिवस का जातो?

सामान लादलेली सायकल, सपाटीवर ताशी १८ चा वेग, आणि चढउतार लागले की सगळं गणित कोलमडतं, असा तुमचा प्रश्न आहे. गफलत सरासरीत आहे. ६ किमीचा चढ ताशी ८ ने चढलात तर ४५ मिनिटं गेली. तेवढाच उतार ताशी ३६ ने १० मिनिटांत संपला. १२ किमीला ५५ मिनिटं, म्हणजे सरासरी ताशी १३. चढात गेलेला वेळ उतार परत देत नाही.

म्हणून अशा दिवसाची आखणी किलोमीटरवर नाही, चढाईच्या एकूण मीटरवर करावी. तुम्ही ७० किलो आणि सायकल-सामान २५ किलो धरलं, तर ६ टक्के चढावर ताशी ८ किमीसाठी साधारण १४० वॅट लागतात. हा वेग म्हणजे तासाला ४८० मीटर उंची. दिवसात १,२०० मीटर चढाई असेल तर अडीच तास नुसत्या चढाचे, मग बाकीचा रस्ता आणि थांबे. सामानातला प्रत्येक अनावश्यक किलो इथे छळतो, सपाटीवर तो जाणवतही नाही.

गिअरबद्दल बरेच जण स्वतःची फसवणूक करतात. पुढच्या चकतीला ३४ आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला २८ दात असतील तर ७०० सीच्या (नेहमीच्या मोठ्या मापाच्या) चाकावर पॅडलच्या एका फेरीत सुमारे २.५५ मीटर जाता. ताशी ८ ला मिनिटाला ५२ फेऱ्या, म्हणजे प्रत्येक फेरीत गुडघ्यावर जोर. पुढे ३० आणि मागे ३४ केलं की त्याच वेगाला ७२ फेऱ्या होतात. मेहनत तेवढीच, पण ती गुडघ्यातून न जाता श्वासातून जाते. पाय मजबूत करण्यापेक्षा पुढची चकती आणि कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलणं सोपं!

गिअर चढ लागण्याआधी उतरवा. पूर्ण जोर देत असताना पुढची चेन लहान चकतीवर टाकायला गेलात तर ती अडते किंवा आत पडते, आणि चढावर सामानासकट पुन्हा निघणं वैतागाचं असतं. सायकल उजव्या बाजूवर पडली असेल किंवा गाडीवरून आणली असेल, तर पहिल्या मोठ्या चढाआधी मागच्या डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती जिथे अडकवलेली असते तो धातूचा तुकडा, तपासा. तो आत वाकलेला असला की सर्वांत मोठ्या चकतीवर जाताना डिरेलर थेट आऱ्यांत घुसू शकतो. सायकल उभी करून, मागचं चाक उचलून, हळू फिरवत तो गिअर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात.

उतारात खरी जोखीम ब्रेकच्या उष्णतेची. ९५ किलो वजन ५०० मीटर खाली आलं की सुमारे ४६५ किलोज्यूल ऊर्जा हवेत आणि ब्रेकमध्ये जाते. किती कुठे जाते ते वेग ठरवतो. १० टक्के उतारावर ब्रेकला सगळ्यात जास्त ताप ताशी ३५ च्या आसपास होतो, जवळपास ५८० वॅट. ताशी १० ला तो निम्म्याहून कमी, आणि वेग खूप वाढला की बराच भार हवा घेते. म्हणजे ब्रेक सतत अर्धवट दाबून मध्यम वेगाने येणं, जे सुरक्षित वाटतं, तेच सगळ्यात वाईट. सरळ रस्त्यावर, पुढचं दिसत असेल तर सोडा, वळणाआधी दोन्ही ब्रेक ठाम दाबून वेग पाडा, पुन्हा सोडा. रस्ता खराब असेल तर अगदी हळू या. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला दाबणारे) असेल तर तापलेल्या रिममुळे ट्यूबमधला दाब वाढून ती फुटू शकते, अधूनमधून थांबा. डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्याजवळच्या धातूच्या तबकडीवर दाबणारे) असेल तर थांबल्यावर त्या डिस्कला बोट लावू नका.

उतारात हँडल थरथरायला लागलं तर घट्ट आवळू नका. गुडघे सायकलच्या सांगाड्याच्या वरच्या नळीला टेकवा, पकड सैल ठेवा, हळूहळू वेग कमी करा. कारण बहुधा उंचावर किंवा सैल बांधलेलं सामान असतं. जड वस्तू पॅनिअरच्या (चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांच्या) तळाशी, दोन्ही बाजूंना सारख्या.

माथ्यावर घाम असतानाच वाऱ्याचं जाकीट घाला, खाली पोचल्यावर नाही. थंड पडलेल्या पायांनी पुढचा चढ सुरू करताना पहिली दहा मिनिटं एक गिअर हलकाच ठेवा.

खाण्याचं: १,००० मीटर चढाईला या वजनात हजारेक किलोकॅलरी लागतात. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पहिल्या तासापासून. दुपारी ‘हे सगळं कशासाठी’ असं वाटू लागलं तर आधी खा, वीस मिनिटं थांबा, मगच परतायचं की पुढे जायचं ते ठरवा. बहुतेक वेळा ती भूकच असते.

संध्याकाळी ब्रेक पॅड बघा. डिस्क पॅडवरचा घर्षणाचा थर ०.५ मिमीवर आला असेल तर बदला, कारण ओल्या चिखलाच्या उतारावर उरलेला थर एका दिवसात जाऊ शकतो.