वाचकांचे प्रश्न: सरकारी शाळेतील केंद्रीय योजनांविषयी तक्रार कोठे करावी?

प्रश्न: माझी मुलगी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीत शिकते. पावसाळ्यापासून मुलींच्या शौचालयाच्या नळाला पाणी नाही, दाराची कडी तुटलेली आहे आणि साफसफाईसाठी प्रत्येक पालकाकडून तीनशे रुपये मागितले जात आहेत. विचारणा केली की ‘केंद्राचे पैसे अजून आले नाहीत’ एवढेच उत्तर मिळते. थेट दिल्लीला तक्रार करावी का? तक्रार केल्यास मुलीला वर्गात त्रास होईल, अशीही भीती वाटते.

उत्तर: ते तीनशे रुपये देण्यास आपण बांधील नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ३ नुसार, प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यात मुलाला आडकाठी होईल असे कोणतेही शुल्क किंवा खर्च त्याच्याकडून घेता येत नाही. मुलामुलींसाठी स्वतंत्र शौचालये आणि पिण्याचे शुद्ध पाणी यांचा समावेश याच कायद्याच्या अनुसूचीत शाळेच्या किमान निकषांमध्ये केलेला आहे. सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक प्रशिक्षणाची योजना एकत्र करून २०१८ साली ‘समग्र शिक्षा’ ही योजना सुरू झाली. तिच्यातून सरकारी शाळांना पटसंख्येनुसार वार्षिक शालेय अनुदान दिले जाते आणि त्यातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावी, असा दंडक आहे.

‘केंद्राचे पैसे आले नाहीत’ हे उत्तर अपुरे आहे. या योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि गोवा सरकारचा ४० टक्के असतो, आणि प्रत्यक्ष अंमलबजावणी राज्याच्याच यंत्रणेकडून होते. त्यामुळे केंद्र सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवर आपण अर्ज केला, तरी शाळेच्या दैनंदिन कारभाराचा विषय म्हणून तो बहुधा राज्याकडेच पाठविला जातो. पोर्टलवरील तक्रारीचा निपटारा सर्वसाधारणपणे २१ दिवसांत व्हावा, असे केंद्राने २०२४ मध्ये ठरवून दिले आहे. तो मार्ग जरूर वापरावा, परंतु आरंभ आपल्या शाळेपासूनच करावा.

शाळेपासून म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीपासून. कलम २१ नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि शाळेला मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे हे समितीचे कायद्याने नेमून दिलेले काम आहे. मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या समितीवर होतो. पहिल्याच सभेत इतिवृत्ताची वही माझ्यासमोर आली, तेव्हा वर तारीख लिहिलेली होती, मधले पान कोरे होते आणि तळाशी सह्यांसाठी रेघा मारलेल्या होत्या. भिडेपोटी मी सही केली. दोन महिन्यांनी तीच वही चाळताना, त्या पानावर भिंतींच्या रंगकामाचा खर्च सर्वानुमते मंजूर झाल्याचा ठराव वाचला. वर्गाची भिंत मात्र तेव्हाही पावसाच्या ओलीने हिरवी पडलेली होती. त्या सहीची खंत मला आजही आहे. म्हणून समितीवर असलेल्या प्रत्येक पालकाला माझे कळकळीचे सांगणे आहे की ठराव लिहून पूर्ण झाल्याशिवाय आणि तो स्वतः वाचल्याशिवाय सही करू नये, तसेच रोकडवही, बँकेचे पासबुक आणि पावत्या सभेत मागून पाहाव्यात.

समितीकडून दाद न मिळाल्यास मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची प्रत तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांना व पर्वरी येथील शिक्षण संचालनालयाला द्यावी. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा थेट शिक्षण खात्याच्या अखत्यारीत असल्यामुळे निर्णय तेथेच होणार आहे. अर्जात मनःस्ताप थोडा आणि तपशील अधिक असावा. उदाहरणार्थ: ‘दि. १५ जूनपासून मुलींच्या शौचालयात पाणी नाही. दि. ४ जुलै व दि. ११ ऑगस्ट रोजी तोंडी कळविले. साफसफाईसाठी प्रत्येकी ३०० रुपये मागण्यात आले असून पावती दिली जात नाही. चालू आर्थिक वर्षात शाळेला मिळालेले अनुदान, ते जमा झाल्याची तारीख आणि स्वच्छतेवर झालेला खर्च लेखी कळवावा.’ शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे प्रत्येक शाळेची ओळख पटविणारा सरकारी क्रमांक, हाही अर्जात लिहावा. गोव्यातील हे क्रमांक ३० या अंकांनी सुरू होतात, आणि एकाच नावाच्या दोन शाळा असल्या तरी त्यामुळे घोटाळा होत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये, कारण पोच नसलेला अर्ज पुढे दिलाच नव्हता असे ठरते. अर्ज मराठीत लिहिण्यास संकोच करू नये. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्याच्या शासकीय कामकाजात मराठीच्या वापराला मुभा दिलेली आहे.

हिशेब मिळत नसल्यास माहिती अधिकार कायदा, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून शिक्षण खात्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. त्याने तीस दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. कागदपत्रांच्या प्रतींबरोबर मूळ दप्तर प्रत्यक्ष पाहण्याचीही मागणी करता येते आणि अशा प्रकरणांत ती विशेष उपयोगी पडते, कारण उपयोगिता प्रमाणपत्रावरील (अनुदान खर्च झाल्याच्या दाखल्यावरील) एका ओळीपेक्षा दुकानदाराची मूळ पावती अधिक बोलकी असते.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम ३२ ही आपली सर्वांत भक्कम बाजू आहे. मुलाच्या हक्कासंबंधी कोणीही व्यक्ती लेखी तक्रार करू शकते, संबंधित प्राधिकरणाने दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांच्या आत निर्णय द्यावयाचा असतो, आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. अर्जात या कलमाचा स्पष्ट उल्लेख करावा, म्हणजे मुदत केव्हा संपते याविषयी वाद राहत नाही.

मुलीला त्रास होण्याची आपली भीती मी हलकी लेखत नाही. कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. तरीही वर्गातील एखादा टोमणा कायद्याला दिसत नाही. म्हणून अर्ज एकटीने देण्याऐवजी वाड्यावरील पाच-सहा मातांनी मिळून, सर्वांच्या सह्यांनी द्यावा.

प्रश्न: पेडणे तालुक्यातील आमच्या शाळेत माध्यान्ह आहारात आलेल्या पावांना दोन वेळा बुरशी लागलेली होती. आहार बाहेरून स्वयंसाहाय्य गटाकडून येतो, त्यामुळे शाळा हात वर करते. जबाबदार कोण?

उत्तर: आहार कोणीही पुरविला तरी तो तपासून मगच मुलांना वाढण्याच्या जबाबदारीतून शाळा सुटत नाही. प्रधानमंत्री पोषण या नावाने २०२१ पासून चालणाऱ्या या योजनेत, वाढण्यापूर्वी शिक्षकाने आहाराची चव घेऊन तशी नोंद नोंदवहीत करावयाची असते. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात विषारी आहाराने २३ मुले दगावली, हे ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना ही नोंद क्षुल्लक वाटणार नाही. आपण प्रथम त्या दोन दिवसांच्या नोंदी पाहण्यास मागाव्यात. पुन्हा असे घडल्यास पाव फेकून न देता त्याचे छायाचित्र घ्यावे, आहार शाळेत किती वाजता पोहोचला ते टिपून ठेवावे आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडून लेखी नोंद करून घ्यावी. कोणा मुलाला उलट्या किंवा पोटदुखी झाल्यास अर्जाचा विचार नंतर करावा, आधी आरोग्य केंद्र गाठावे आणि तेथील केसपेपर जपून ठेवावा.

मुलांना पोटभर मिळते का, हेही पाहावे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण आहे. हा आहार राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ ने दिलेला हक्क असल्यामुळे, शिक्षण खात्याखेरीज जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडेही दाद मागता येते, आणि दूषित अन्नाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे स्वतंत्रपणे करता येते. शाळेच्या दिवशी आहार आलाच नाही, तर २०१५ च्या नियमांनुसार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मुलाला धान्य व शिजविण्याचा खर्च भत्ता म्हणून द्यावा लागतो. अशा दिवसांच्या तारखा पालकांनी घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात.

प्रश्न: माझा मुलगा श्रवणदोष असलेला असून काणकोण येथील सरकारी शाळेत पाचवीत आहे. विशेष शिक्षक महिनोन्‌महिने येत नाहीत. यासाठीही तक्रार करता येते का?

उत्तर: अवश्य करता येते. समग्र शिक्षेत विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्रतिवर्षी प्रत्येकी ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे आणि विशेष शिक्षकांची व्यवस्था हा त्याच योजनेचा भाग आहे. आपण शिक्षकांच्या भेटींची नोंदवही पाहून, ते ज्या तारखांना आले त्यांची यादी करावी आणि ती दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राच्या प्रतीसह तालुक्याच्या साधन केंद्राला व भागशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ खाली राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही अर्ज करता येतो. मुलाचे पाचवीचे वर्ष हातचे जात आहे, म्हणून एका कार्यालयाच्या उत्तराची वाट पाहत न थांबता हे अर्ज एकाच दिवशी द्यावेत.