'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' आजही पकड का घेतो?

दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकचा १९५९ सालचा हा सिनेमा आजच्या पोरांना दाखवण्यासारखा आहे, की नुसतं नाव मोठं, असं तुम्ही विचारलंय. बिनधास्त दाखवा.

पाठलागाच्या सिनेमात अंधार आणि गल्लीबोळ ठरलेले. इथे मात्र चुकून हेर समजला गेलेला, जीव वाचवत पळणारा नायक भर उन्हात, सपाट रानात एकटा उभा आहे. नागपूरहून उमरेडकडे जाताना मे महिन्यात एखाद्या फाट्यावर एसटीची वाट पाहिलेल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. कापूस निघालेली काळी रानं, आडोशाला झाड नाही. नायक झालेला कॅरी ग्रँट तसाच उभा असतो. शेजारी बससाठी थांबलेला माणूस सहज म्हणतो, पीक नाही तिथं ते विमान फवारणी करतंय, नवल आहे. आणि बसमध्ये चढून निघून जातो. मग विमान वळतं. इथे कान देऊन ऐका. बर्नार्ड हर्मनसारखा संगीतकार हाताशी असून विमान टँकरवर आदळेपर्यंत संगीताचा एक सूर नाही, नुसती इंजिनाची घरघर. माझ्या पुतण्याने मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाला, "काका, हा पळून काहून नाही जात?" पळणार कुठे?

तरी माझ्या मते सिनेमा टिकलाय तो त्याच्या लगेच पुढच्या प्रसंगावर. त्याला त्या रानात पाठवणारी, आगगाडीत भेटलेली ईव्ह कोणाला सामील आहे, हे आगगाडीतल्या चिठ्ठीमुळे आपल्याला आधीच कळलेलं असतं. तो धुळीने माखलेला, शिकागोच्या हॉटेलात तिच्या खोलीवर येतो. ती त्याला बिलगते. त्याचे हात तिच्याभोवती उठतात, पण टेकत नाहीत, तसेच अधांतरी राहतात. जवळ घ्यावं की गळा धरावा, हे त्याचं त्यालाच कळत नाही. पुढे लिलावाच्या ठिकाणी तो तिला रागाने टोचून बोलतो आणि त्यामुळेच तिचा जीव धोक्यात येतो. तोवर स्वतःचा जीव वाचवत पळणारा हा माणूस तिथून पुढे तिच्यासाठी धावतो. प्रेम पाठलागाला वरून चिकटवलेलं नाही.

शेवटची मारामारी अमेरिकेतल्या रशमोर डोंगरावर, राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेल्या स्मारकावर होते; सिनेमातले ते दगडी चेहरे स्टुडिओत उभारलेले आहेत. खऱ्या स्मारकावर मारामारी चित्रित करायला परवानगी नव्हती. पाहताना जाणवतं, पण त्याने काही बिघडत नाही.

सिनेमा सव्वादोन तासांचा आहे. सुरुवातीचा ओळखीचा घोळ पोरांना संथ वाटेल, तेव्हा बंद करू देऊ नका. आणि मोबाइलवर नको, मोठ्या टीव्हीवर लावा. ते मोकळं रान छोट्या पडद्यावर मावत नाही.