नुसता मातीचा ढिगारा, ह्याला किल्ला कसं म्हणायचं?

प्रश्न: ताई नमस्कार, मी उदगीरचा, रिटायर्ड शिक्षक. मुलगी इंग्लंडला असते, मागच्या उन्हाळ्यात तिच्याकडं जाऊन आलो. एका रविवारी जावई म्हणाले, बाबा जवळच्या जंगलात एक जुना किल्ला आहे, अर्ध्या तासाचं चालणं. हौसेनं निघालो तर तिथं ना दरवाजा ना बुरूज, झाडीत मातीचं एक टेकाड अन् भोवती उथळ चर, बोर्डावर मात्र मध्ययुगीन किल्ला असं लिहिलेलं. उदगीरचा किल्ला बघून मोठा झालेल्या माणसानं ह्याला किल्ला कसं म्हणायचं? येत्या डिसेंबरात परत जाणं आहे, तिथं पुन्हा जाऊ का?

उत्तर: गुरुजी, जा, जरूर जा, आणि डिसेंबरात चाललात हे तर फारच बरं झालं. तेव्हा तिकडं बऱ्याच झाडांची पानं गळालेली असतात, खालची झुडपं बसलेली असतात आणि सूर्य भर दुपारीही खालीच असतो, त्या तिरप्या उन्हात जमिनीचा बारकासा चढउतारसुद्धा सावली टाकतो अन् उन्हाळ्यात हिरवळीत गडप झालेलं सगळं उघडं पडतं.

तुम्ही सांगताय त्यावरून तो मॉट-बेली प्रकारातला किल्ला वाटतो. 1066 साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम फौज घेऊन इंग्लंडात उतरला, मुलूख नवा, लोक विरोधात, दगडी कोट उभा करायला वर्षं लागतात तेवढा टाइम होता कुणाकडं? मग गोल चर खणायचा आणि निघालेली माती आतल्या बाजूला टाकत, चोपत न्यायची, झाला उंचवटा, तोच मॉट. त्याच्यावर लाकडी बुरूज. पायथ्याशी मोठं अंगण म्हणजे बेली, त्यालाही चर अन् बांध, बांधावर मेढेकोट म्हणजे लाकडी खांबांचं कुंपण, आत तबेले, स्वयंपाकघर, धान्याची कोठारं. म्हणजे खंदक आणि टेकाड ही दोन कामं नव्हतीच, एकाच फावड्याची दोन टोकं होती. फ्रान्समधल्या बायो गावी जपलेलं, विल्यमच्या ह्याच स्वारीचं सुमारे 70 मीटर लांबीचं भरतकाम आहे ना, त्यात इंग्लंडातल्या हेस्टिंग्जला माणसं फावड्यानं असंच टेकाड रचतायत ते चक्क टाके घालून दाखवलंय.

लाकूड कुजलं, माती राहिली. जिथं राजाला गरज होती तिथं पुढं दगड चढला, विंडसरचा गोल टॉवर असल्याच टेकाडावर उभाय. बाकीचे कितीतरी किल्ले सोडून दिले गेले आणि त्यातल्या बऱ्याच जागांवर रान वाढलं.

आता गेलात की आधी वर चढू नका. चरात उतरा आणि सगळा फेरा मारा. शेकडो वर्षांचा पालापाचोळा अन् घसरलेली माती त्यात साठलीय, मूळचा चर ह्याहून बराच खोल होता, हे मनात धरून तळाशी उभं राहून वर बघा, म्हणजे खालून चढणाऱ्या शिपायाची काय गत होत असेल ते पोटऱ्यांना कळतं. चर कुठं तुटलाय का बघा, तिथं वाट असू शकते. मग ओढा कुठंय, जुना रस्ता कुठून जातो ते बघा, जागा कशी निवडली ते तिथंच उलगडतं. वर जायचं तर रुळलेल्या वाटेनंच, सरळ उतारावरून चढलं की बुटानं माती सुटते अन् पावसात ओघळ पडतो. अशा संरक्षित जागेवर परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर चालवणं 1979 च्या कायद्यानं गुन्हा आहे, नातवंडं हौसेनं घेऊन निघाली तर सांगा.

आणि परत आल्यावर उदगीरच्या किल्ल्यातही एकदा खंदकापासून सुरुवात करा. तट-बुरुजांमुळं नजर कायम वरच राहते आपली.

प्रश्न: आमच्या गावात (परभणी जिल्हा) देशमुखांची पडकी गढी आहे. छत गेलं, भिंती वितळल्यात, लोक ट्रॅक्टरनं माती नेतात. हिला जपण्यासारखं काही उरलंय का?

उत्तर: दादा, वरचं उत्तर वाचा, तुमची गढी त्याच जातीची. फरक एवढाच की तिकडं लाकूड गेलं अन् गवतानं माती धरून ठेवली, आपल्याकडं भिंतच पांढऱ्या मातीची, माळवद पडलं की पाऊस थेट भिंतीच्या डोक्यात शिरतो आणि दरसाल ती थोडी थोडी खाली बसते. पण ढिगारा झाली तरी बुरुजाचा गोलावा, दरवाज्याची जागा, आतलं बळद म्हणजे धान्याची कोठी, कुठं पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, हे सगळं मातीच्या आकारात असतं. पांढरी शेताला चांगली म्हणून लोक नेतात, माळवदावर टाकायलाही नेतात, त्यांना वाईट म्हणत नाही मी, पण एकदा जेसीबी फिरला की तो आकार पुन्हा कुणाला वाचता येणार नाही, आणि ह्याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही एक करा, हिवाळ्यात सकाळी सकाळी ऊन तिरपं असताना चारी बाजूंनी मोबाईलवर फोटो काढा, पावलांनी लांबी-रुंदी मोजून वहीत नकाशा काढा, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना गढीवर नेऊन काय कुठं होतं ते विचारून रेकॉर्ड करा. हे ह्याच वर्षी करा, पुढच्या पावसाची वाट बघू नका. मग तो नकाशा घेऊन ग्रामसभेत बोला, हातात कागद असला की लोक ऐकतात.

प्रश्न: संभाजीनगरहून मुलांना घेऊन जंगलातून थोडंसं चालून किल्ला बघता येईल असं काही?

उत्तर: सोयगाव तालुक्यातला वेताळवाडी, चढ बेताचा. मुलं जरा मोठी असतील तर त्याच तालुक्यात नायगावजवळचा सुतोंडा, तिथं डोंगराची धार कातळात खंदक खोदून तोडलीय, पहिल्या उत्तरातली खंदकाची गोष्ट मुलांना दाखवायला ह्याहून चांगली जागा नाही. पावसाळ्यात वाट निसरडी होते म्हणून दिवाळीनंतर जा, नायगावातून माहीतगार माणूस सोबत घ्या आणि पाणी घरून न्या, किल्ल्यावरच्या टाक्यांमधलं मुलांना देऊ नका.