शिक्षकांची सहिष्णुता मोजताना सगळेच सहिष्णु निघाले, तर काय समजावे?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा की, शिक्षक आपल्या व्यावसायिक व्यवहारात कितपत सहिष्णु असतात हे पाहण्यासाठी तुम्ही ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा पाच पर्यायांची लिकर्ट श्रेणी वापरली, जवळजवळ सर्वांचे गुण वरच्या गटात आले, आणि आता शिक्षक सहिष्णु आहेत हाच निष्कर्ष मांडावा, का साधनच सदोष मानावे, असा पेच पडला आहे. माझ्या मते, सहिष्णु असणे चांगले समजले जाते हे शिक्षकांना ठाऊक आहे, एवढेच या गुणांवरून सिद्ध होते. ‘मी सहकाऱ्यांच्या मतांचा आदर करतो’ या विधानापुढे ‘असहमत’ अशी खूण कोणता शिक्षक करील?

सहन करावे असे काही समोर आल्याशिवाय सहिष्णुतेची परीक्षाच होत नाही. म्हणून आधी व्याख्या पक्की करावी. युनेस्कोने १६ नोव्हेंबर १९९५ रोजी स्वीकारलेल्या सहिष्णुताविषयक जाहीरनाम्यात सहिष्णुता म्हणजे सवलत किंवा उपकाराची भावना नव्हे, असे स्पष्ट केले आहे, आणि अन्याय खपवून घेणे हा तिचा अर्थ होत नाही, हेही सांगितले आहे. शिक्षकांच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा आहे. एका मुलाची टिंगल चालू असताना गप्प बसणारा शिक्षक सौम्य वाटेल, पण त्याला सहिष्णुतेचे गुण देता येणार नाहीत.

तयार साधनच हवे असेल, तर रशियन मानसशास्त्रज्ञ व्ही. व्ही. बॉयको यांची संप्रेषणात्मक सहिष्णुतेची, म्हणजे इतरांशी बोलता-वागताना दिसणाऱ्या सहिष्णुतेची, प्रश्नावली पाहावी. तिच्यात ४५ विधाने असून ती प्रत्येकी पाचच्या नऊ गटांत विभागली आहेत. प्रत्येक विधानाला ० ते ३ गुण मिळतात आणि जास्तीत जास्त १३५ गुण होतात. येथे गुण जितके अधिक तितकी असहिष्णुता अधिक, हे गुणदान करताना विसरू नये. या साधनाचा खरा उपयोग एकूण बेरजेपेक्षा गटवार वाचनात आहे. समोरच्याला सुधारण्याचा, त्याला वळण लावण्याचा आग्रह हा त्यातील एक गट आहे, आणि वळण लावणे हे तर शिक्षकाचे रोजचे कामच आहे. त्या गटातील चढे गुण विद्यार्थ्यांशी वागण्यातून आले असतील तर त्यांचा अर्थ वेगळा, आणि तोच आग्रह सहशिक्षक व पालकांपर्यंत पोहोचत असेल तर वेगळा. म्हणून प्रत्येक विधान कोणाला उद्देशून आहे, हे उत्तर देणाऱ्याला आधीच स्पष्ट करून सांगावे.

तरीही कोणतीही प्रश्नावली स्वतःविषयीचे मतच नोंदवते, त्यामुळे वर्गनिरीक्षण टाळता येणार नाही. एका गणिताच्या तासाला मी मागच्या बाकावर बसून नोंदी करत होतो. एका मुलीने उभे राहून सांगितले की, फळ्यावरच्या रीतीपेक्षा तिची रीत दोन पायऱ्यांनी छोटी आहे. बाईंनी ‘छान’ म्हटले, हसल्यासुद्धा, पण खडू हातातून खाली ठेवला नाही, आणि मुलगी बोलत असतानाच पुढचे उदाहरण लिहायला घेतले. प्रश्नावलीत याच बाईंचे गुण उत्तम होते. त्या खोटे बोलल्या असे मला अजिबात वाटत नाही. अभ्यासक्रम मागे पडल्याची घाई त्यांच्या हाताला होती, आणि ती घाई कोणत्याही विधानात विचारलेली नव्हती.

निरीक्षणासाठी फ्लँडर्सची आंतरक्रिया विश्लेषण पद्धती, म्हणजे वर्गातील शिक्षक-विद्यार्थी संवाद ठरावीक प्रवर्गांत नोंदवण्याची रीत, आपल्यापैकी अनेकांना परिचित आहे. दर तीन सेकंदांनी एक नोंद, म्हणजे २० मिनिटांत सुमारे ४०० नोंदी होतात. दहा प्रवर्गांपैकी भावनांचा स्वीकार, विद्यार्थ्यांच्या विचारांचा स्वीकार आणि टीका किंवा अधिकाराचे समर्थन हे तीन तुमच्या विषयाशी थेट निगडित आहेत. मात्र एक उणीव लक्षात ठेवावी. अडखळणाऱ्या मुलासाठी शिक्षक शांतपणे थांबला, तर ते थांबणे ‘शांतता किंवा गोंधळ’ या दहाव्या प्रवर्गात जमा होते, आणि सहिष्णुतेचा सर्वांत बोलका क्षण गोंगाटाशेजारी जाऊन बसतो. त्यासाठी तक्त्यात ‘वाट पाहिली’ असा वेगळा रकाना ठेवावा. दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे नोंदी करून कोहेनचा ‘कॅपा’ (योगायोगाची जुळणी वगळून दोघांच्या नोंदी किती जुळतात हे सांगणारा गुणांक) काढावा आणि एकाच शिक्षकाचे किमान तीन तास, शक्यतो दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, पाहावेत; शेवटच्या तासाला थकलेला माणूस आणि सकाळचा तोच माणूस सारखा वागत नाही.

सहकारी आणि पालक यांच्याशी होणारा व्यवहार असा पाहता येत नाही. तेथे प्रसंगाधारित प्रश्न उपयोगी पडतात, पण ‘तुम्ही काय कराल’ असे न विचारता ‘मागच्या वेळी असे घडले तेव्हा तुम्ही नेमके काय बोललात’ असे विचारावे.

गोळा झालेली माहिती टाकून देऊ नका. त्याच शिक्षकांपैकी काहींचे निरीक्षण करून प्रश्नावलीचे गुण आणि वर्गातील वर्तन यांतील तफावत हाच अभ्यासाचा विषय करता येईल, आणि माझ्या मते तो मूळ विषयापेक्षा मोलाचा ठरेल. संमतिपत्रात मात्र एक वाक्य सुरुवातीलाच घाला : कोणत्याही शिक्षकाचे वैयक्तिक गुण शाळा-प्रशासनाला दिले जाणार नाहीत. ते वाक्य नसेल, तर निरीक्षणाच्या दिवशीही सगळे सहिष्णुच दिसतील.