पाचगणीला ग्लायडिंग शिकायला गेलं तर दिवसभर उडायला मिळतं का?

तुम्ही विचारलंय की साताऱ्यात ग्लायडिंगचा क्लब आहे का आणि तिथे दिवस कसा जातो. आत बसून उडवायचं, विमानासारखं ग्लायडर हवं असेल तर पुण्याला हडपसरला जावं लागेल. तिथलं केंद्र डीजीसीएचं, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक खात्याचं आहे, विंचने (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) दोर ओढून ग्लायडर वर चढवतात. आपल्याकडे पाचगणीला चालतं ते पॅराग्लायडिंग, म्हणजे कापडी पंखाला दोऱ्यांनी लटकून उडायचं. मी वाईचा, तिथेच शिकलो, म्हणून तेच सांगतो.

दिवसभर उडायला? छे! नवशिक्याचा दिवस बहुतेक जमिनीवरच जातो.

सकाळी ऊन चढेपर्यंत डोंगरावरची गार हवा उताराने खाली घसरत असते, म्हणजे कड्यावर उभं राहिलं की वारा पाठीमागून येतो. तसा वारा असताना कोणी टेकऑफ घेत नाही. तो वेळ सपाटीवर ग्राउंड हँडलिंगमध्ये जातो. विंग, म्हणजे तो कापडी पंख, पसरायची, दोऱ्या सोडवायच्या. वाळलेल्या गवताची एक काडी दोऱ्यांत दिसली तरी इन्स्ट्रक्टर सगळं पुन्हा तपासायला लावतो. मग विंगकडे तोंड करून पुढचे रायझर, म्हणजे दोऱ्या जोडलेले पट्टे, उचलायचे. पुढच्या कडेच्या तोंडांतून कप्प्यांत हवा शिरते, फडफड थांबते आणि विंग डोक्यावर येते. ती तिथे टिकवताना मांड्या भरून येतात. कंटाळवाणं वाटेल, पण कोण शिकणार आणि कोण नुसते फोटो काढून जाणार, हे इथेच कळतं.

दुपारी पठारांचे कडे तापले की थर्मल, म्हणजे गरम हवेचे वर जाणारे झोत, सुटतात. जुने पायलट तेव्हा घारी शोधत बसतात. पंख न हलवता घार जिथे गिरक्या घेत वर चढतेय, तिथेच वर जाणारी हवा. आत शिरलं की व्हेरिओमीटर, म्हणजे आपण किती वेगाने वर-खाली जातोय ते सांगणारं यंत्र, टिटटिट करायला लागतो. थर्मलच्या कडेला मात्र हवा खाली ओढते, विंगची एक बाजू मिटूही शकते. म्हणून नवख्यांना या वेळी बसवूनच ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

तुमची पाळी संध्याकाळी, हवा निवल्यावर. वर नेणारी हवा नसेल तर विंग सेकंदाला साधारण एक मीटर खाली येते, म्हणजे ३०० मीटरचा उतार पाचेक मिनिटांत संपतो. तेवढ्यात वॉकीटॉकीवरचं ऐकायचं, वाऱ्याकडे तोंड करायचं आणि जमिनीलगत दोन्ही हातांतले ब्रेक, म्हणजे विंगच्या मागच्या कडेच्या दोऱ्या, पूर्ण ओढायचे. खाली स्ट्रॉबेरीचं शेत दिसलं तर ते टाळा, शेतकऱ्याचं वर्षाचं पीक असतं ते.

पावसाळ्यात सगळं बंद असतं, त्यामुळे दिवाळीनंतरच या. नुसता अनुभव हवा असेल तर टँडम, म्हणजे दोघांचं उड्डाण, घ्या, पायलट मागे असतो. शिकायचंच असेल तर घोट्यावर येणारे बूट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट आणा. वारा जोरात असेल तर त्या दिवशी हुज्जत घालू नका. भिलार जवळच आहे, पुस्तकांच्या गावात दुपार मजेत जाते.